न गंजणारा गळ

करडेगावचा वायरमन वैजनाथ याला गावात कुणी कधी वाईट म्हटलेलं नाही, आणि त्याच्या सगळ्या घोटाळ्याचं मूळही तेच. भर पावसात खांबावर चढणार, एकट्या म्हातारीच्या घरात स्वतःच्या खिशातला बल्ब लावून देणार, लग्नघरी मांडवाच्या वायरी ओढून देणार आणि जेवायला थांबा म्हटलं की ‘पुढच्या बारीला’ म्हणून गाडीला किक मारणार. शिरूर अनंतपाळच्या अलीकडं असलेल्या त्या गावात फ्यूज उडो, मिक्सर जळो, नाहीतर बांधावरून भावाभावांत जुंपो, पहिलं वाक्य ठरलेलं : वैजनाथला बोलवा. आता चांगलं म्हणवून घ्यायची एकदा सवय लागली की ती तंबाखूसारखी असते बघा. सोडीन म्हटलं तरी सुटत नाही, आणि तिच्यापायी माणूस काय काय लपवायला शिकतो, ते त्याचं त्यालाही कळत नाही.

वैजनाथला नाद एकच, मासे धरायचा. मासे खायचा म्हणाल तर तोही नाही. घरात मासा शिजत नव्हता, कारण बायकोला, शिवकन्येला, वासानंच मळमळायचं. धरलेला मासा तो कुणाला तरी देऊन टाकायचा, नाहीतर परत सोडायचा. घरणीच्या धरणावर रविवारी गांडूळ लावून साधा गळ टाकून बसायचं, एवढंच बरीच वर्षं चाललं होतं. तेवढं गावाला ठाऊक होतं आणि त्याला कुणाची हरकतही नव्हती.

पुढं एकदा नांदेडला सासुरवाडीला गेला असताना मेव्हण्यानं त्याला इस्लापूरला नेलं, सहस्रकुंडाचा धबधबा दाखवायला. सगळे धबधब्यापुढं उभे राहून फोटो काढून राहिले, आणि आमचा हा गडी खालच्या डोहाशी जाऊन बसला. तिथं एक जण काठीनं काहीतरी पाण्यात लांब फेकत होता आणि रीळ फिरवून परत ओढत होता. गांडूळ नाही, कणीक नाही. बोटभर लांबीचा प्लास्टिकचा खोटा मासा! पाण्यात पडला की जखमी माशासारखा अंग वेडंवाकडं हलवत यायचा. पोटाखाली एक गळ, शेपटाखाली एक गळ, आणि एकेका गळाला तीन-तीन तोंडं. वैजनाथ बघतच राहिला. परत निघायची वेळ झाली तरी उठेना, तेव्हा मेव्हण्यानं दंडाला धरून उठवलं.

मग मोबाईलवर व्हिडिओ, मग ऑनलाइन खरेदी, आणि गाडीच्या डिकीत एक डबा. त्या डब्याची गोष्ट मात्र त्यानं गावात कुणाला कळू दिली नाही. एकेका खोट्या माशाची किंमत शिवकन्येला कळली असती तर घरात महाभारत झालं असतं.

डब्यात एक हिरव्या पाठीचा, चंदेरी पोटाचा मासा होता, तो त्याचा लाडका. धरणावर एकदा त्या हिरव्याला चांगलीच दणदणीत मरळ लागली. काठी वाकली, रीळ ओरडलं, आणि एकदम सगळं ढिलं पडलं. ओढून बघतो तर पोटाखालच्या गळाची दोन तोंडं खिळा उपटावा तशी सरळ झालेली. वैजनाथला रात्रभर झोप नाही. वायरमन माणूस तो, तारेनं दगा दिला हे त्याला सहनच होईना.

नांदेडला वजिराबादेत रविकिरण नावाच्या माणसाचं अशा सामानाचं छोटंसं दुकान होतं. पुढच्या खेपेला वैजनाथ त्याच्याकडं जाऊन बसला. रविकिरणनं तो उघडलेला गळ पाहिला आणि हसला. म्हणाला, स्वस्तातल्या माशांबरोबर येतात ते गळ शोभेचे असतात, बदलावेच लागतात. मग त्यानं सगळी विद्या काढली. गळाचा नंबर वाढला की गळ लहान होतो, हे वैजनाथला सांगावं लागलं नाही, तारेच्या गेजचं, म्हणजे जाडीच्या नंबराचं, तसंच असतं. जाड तारेचा घेतला तर ताकद येते, पण वजनही येतं, आणि तरंगणारा मासा बुडायला लागतो. फार मोठा घेतला तर पोटाचा आणि शेपटाचा गळ एकमेकांत अडकून बसतात. टोक नखावरून ओढून बघायचं. रुतलं तर धार आहे, घसरलं तर नाही.

शेवटी त्यानं दोन पुड्या पुढ्यात टाकल्या. एकीत तपकिरी गळ, दुसरीत पांढरे चमकदार. ताकद दोन्हींची सारखीच. तपकिरी साधा, पाण्यात राहिला तर गंजतो. मासा दोरी तोडून पळालाच तर काही दिवसांत गळ झडून जातो आणि त्याचा जीव वाचतो. पांढऱ्यावर कल्हई. तो समुद्रावरच्या लोकांसाठी, खाऱ्या पाण्यात वर्षभर राहिला तरी जसाच्या तसा. रविकिरण म्हणाला, आपल्या गोड्या पाण्याला तपकिरी बस झाला.

वैजनाथनं पांढरा घेतला. डिकीत पावसाचं पाणी शिरतं, गळ गंजून राहिलेत, हे त्याचं कारण. मासा पळाला तर काय, हा विचार त्याच्या डोक्याला शिवलाही नाही. मासा पळू नये याच इराद्यानं तर तो आला होता.

घरी येऊन त्यानं माशाला गळ अडकवायच्या कड्या उघडून जुने गळ काढले आणि नवे बसवले. शिरूरच्या एका ओळखीच्या सराफाच्या तराजूवर जुना गळ आणि नवा गळ तोलूनही बघितला. सराफानं त्याच्याकडं असं बघितलं की विचारू नका. नवा भरला जड. आता प्रश्न असा पडला की या वजनानं हिरवा मासा सरळ पोहील की नाक खाली घालील? बादलीत तरंगला, पण बादलीत पोहवणार कुठं? धरणाचं पाणी पावसानं गढूळ, हातभर खालचं दिसत नव्हतं. निवळ पाणी सगळ्या गावात एकाच ठिकाणी, महादेवापुढच्या बारवेत.

आणि बारवेत मालकीण होती.

मालकीण म्हणजे मरळ. ज्या साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या साली दगडोबातात्यांच्या विहिरीनं तळ दाखवला. तात्या हे वैजनाथचे सख्खे चुलते. वैजनाथचा बाप तो लहान असतानाच गेला, तेव्हापासून शाळा, आयटीआय, नोकरीची धावपळ, लग्न, सगळ्याचा जिम्मा तात्यांनीच घेतला. विहिरीत मासा सोडला की पाणी निवळ राहतं, या आपल्याकडच्या रीतीनं तात्यांनीच कधीतरी ती मरळ पिलू असताना विहिरीत सोडली होती. आता ती चिखलात तोंड वर काढून पडली होती. हिनं आपलं पाणी राखलं, आता आपण हिला राखायचं, असं म्हणून तात्यांनी तिला ओल्या पोत्यात गुंडाळलं. पोत्याचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं वैजनाथनं, आणि दोघांनी ती बारवेत नेऊन सोडली. बारवेत तेव्हा गुडघाभर पाणी, त्यावर सगळं गाव जगत होतं. तरी कुणी मासा कशाला म्हणून तोंड वाकडं केलं नाही.

तेव्हापासून ती बारवेची मालकीण. मरळीला श्वास घ्यायला पाण्याच्या वर यावंच लागतं. ती वर आली की बायका हात जोडायच्या. नवी नवरी गावात आली की महादेवाच्या पाया पडून झाल्यावर तिला मालकीण दाखवायची पद्धत पडली होती. तात्या रोज सकाळी कणकेच्या गोळ्या घेऊन खालच्या पायरीवर बसायचे. खरं म्हणजे मरळ काही कणीक खात नाही, कणीक खायला जमलेल्या बारक्या मासोळ्या खाते. पण हे तात्यांना कोण सांगणार, आणि सांगून ते ऐकणार थोडेच!

श्रावण लागायच्या आधीची एक सकाळ. नुकतं उजाडलं होतं. वैजनाथ आखूड काठी घेऊन बारवेच्या पायऱ्या उतरला. मासा धरायचा नाही, हिरवा पोहतो कसा तेवढं बघायचं, असं तो स्वतःला बजावत होता. तपासताना टोकांना चिकटपट्टी लाव, असं रविकिरणनं सांगितलं होतं. वायरमनच्या खिशात चिकटपट्टी नाही असं कधी झालंय का? होती. पण पट्टीनं वजन बदलेल, मग तपासून उपयोग काय, असा हिशेब त्यानं काढला. हिशेब चोख होता. फक्त खरा नव्हता. खरं सांगायचं तर मालकीण हिरव्याकडं बघते का, ते त्याला बघायचं होतं. बघते का, एवढंच.

पहिल्या खेपेला हिरवा झकास पोहला. नाक वर, शेपूट हलती. दुसऱ्या खेपेला खालच्या कपारीतून काळी सावली सुटली आणि पाणी फुटलं.

काठी वाकली आणि वैजनाथला आनंद झाला. हो, आनंदच. छाती भरून आली त्याची. गळ वाकला नाही, तार टिकली, निवड बरोबर ठरली! मग हातातली काठी कुणाच्या वजनानं वाकलीय ते त्याला उमगलं आणि तोंडचं पाणी पळालं. मालकीण पायरीपर्यंत आली होती. हातभर ओढली असती तर हातात आली असती. पकड खिशातच होती. गळ सोडवून पाण्यात सोडून दिली असती तर कुणाला काही कळलंही नसतं. एवढ्यात वरून खोकला ऐकू आला. तात्यांचा खोकला तो हजारात ओळखला असता.

वैजनाथनं पकड काढली, आणि गळ काढायच्या ऐवजी तंगुसाची दोरी कचकन तोडून टाकली.

मालकीण हिरव्याला घेऊन खाली गेली. काठी भिंतीतल्या अंधाऱ्या देवळीत गेली. तात्या एकेक पायरी उतरत खाली आले आणि म्हणाले, आज लवकर रं? वैजनाथ म्हणाला, वरच्या लाइटची वायर बघायला आलो होतो. तात्यांनी मान डोलावली आणि कणकेची गोळी मळायला घेतली. वैजनाथ त्यांच्याजवळ दोन घटका बसला.

दुपारपर्यंत सगळ्या गावाला कळलं. मालकीण श्वास घ्यायला वर आली, आणि तिच्या जबड्याला लखलखीत हिरवं काहीतरी लोंबत होतं. बायका कळवळल्या. एकीनं तर तिथंच डोळ्याला पदर लावला. गाव देवळापुढं जमलं. संशय सरळ गेला तो लातूरहून बारवेवर रील काढायला येणाऱ्या पोरांवर. गावात मासे धरणारा वैजनाथ आहे, हे कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. त्याचा गळ साधा, गांडुळाचा. आणि पोत्याचं दुसरं टोक कुणी धरलं होतं ते गावानं पाहिलं होतं.

आता माणसानं अशा वेळी गप्प तरी बसावं! पण चांगला म्हणवून घ्यायची सवय. वैजनाथ सगळ्यांत जास्त बोलला. असल्या लोकांना गावाबाहेर काढलं पाहिजे म्हणाला, मुक्या जिवाशी खेळणाऱ्याचं कधी भलं होत नाही म्हणाला. बोलता बोलता त्याला स्वतःलाच त्या लातूरच्या पोरांचा राग यायला लागला. सरपंच रूपालीताई म्हणाल्या, बारवेवर मोठा लाइट बसवू आणि कॅमेरा लावू, परत कुणी आलं तर माझ्या मोबाईलवर दिसेल. आणि बसवणार कोण? वैजनाथभाऊ आहेतच की.

बसवला. स्वतःच्या हातानं भिंतीला भोकं पाडली, वायर ओढली, कॅमेऱ्याचं तोंड बरोबर खालच्या पायरीवर येईल असं फिरवून दिलं. त्याच्या मनात होतं की एकदा गुपचूप उतरावं, पाटीनं मालकिणीला धरावं आणि गळ काढून टाकावा. आता ते दारही त्यानंच बंद केलं होतं. काम झाल्यावर रूपालीताईंनी चहा पाजला आणि चार लोकांत म्हणाल्या, आपल्या गावात असा माणूस आहे हे नशीब. वैजनाथनं कप ठेवला आणि शिडी उचलली.

पण खरी शिक्षा वेगळीच होती, आणि ती तात्यांच्या तोंडून रोज मिळायची.

तात्या काही रडले-भेकले नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी मालकिणीकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “लोखंड हाय शेवटी. पाण्यात किती दिवस टिकंल? गंजंल, झडंल.” गावालाही ते पटलं. खरंच की, नांगराचा फाळ चार दिवस ओलीत राहिला तर तांबडा होतो, मग ही एवढीशी तार काय! मालकिणीला धरायला जावं तर ती घाबरून दगडावर आपटेल, त्यापेक्षा गंजू द्यावं, असं ठरलं. रोज सकाळी वैजनाथ कामावर जाताना बारवेवर डोकवायचा, न डोकवावं तर तेही वाईट दिसलं असतं. तात्या पायरीवर बसलेले असायचे. म्हणायचे, गंजायला लागला असंल रं आता. आणि वैजनाथ म्हणायचा, “हाव, तात्या.”

सगळ्या गावात तो एकटा होता ज्याला ठाऊक होतं की हा गळ गंजणार नाही. गंजू नये म्हणून तर निवडून आणला होता.

त्यानं एक वेडेपणा केला. पुडीत उरलेला तसलाच एक गळ त्यानं काचेच्या ग्लासात मिठाच्या पाण्यात टाकून खिडकीत ठेवला. कल्हई खोटी निघो, रविकिरण लबाड निघो, दुकानदारानं आपल्याला फसवलेलं असो, अशी प्रार्थना करत तो रोज उठल्या उठल्या ग्लास बघायचा. गळ नव्या नवरीच्या जोडव्यासारखा चमकत होता. शिवकन्येनं विचारलं, हे काय आणि? तो म्हणाला, कामाचं आहे, हात लावू नको. मग ती म्हणाली, आवं, आजकाल रविवारी धरणाला जाऊन न्हाई राहिले तुमी, बरं हाय न्हवं? बरं आहे, असं तो म्हणाला आणि ताटावरून उठला.

इकडं मालकीण वाळत चालली. पोटाचा गळ जबड्यात होता, आणि तळमळताना शेपटाचा गळ तिच्याच कल्ल्यामागच्या कातड्यात जाऊन बसला. त्यामुळं तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं. धड उघडता येईना, धड सरळ पोहता येईना. वर यायची ती वाकडी होऊन यायची, वेडावाकडा घोट घ्यायची आणि दगड सोडल्यागत खाली जायची. कणकेवर जमलेल्या मासोळ्या तिच्या तोंडापुढून बिनधास्त फिरायच्या. तात्या ते बघायचे आणि म्हणायचे, थोडी कळ काढ माय, गंजत आलाय.

श्रावणातल्या एका सोमवारी बारवेवर गर्दी होती. बायका बेल, दूध घेऊन आल्या होत्या, शिवकन्याही होती. लाइट बंद पडलाय म्हणून वैजनाथला बोलावलं होतं आणि तो भिंतीला शिडी लावून वर चढला होता. खाली तात्या पायरीवर, त्यांच्या शेजारी रूपालीताई. तेवढ्यात मालकीण वर आली. घोट घेतला आणि ती खाली गेलीच नाही. कुशीवर कलली, पांढरं पोट दिसलं, मग कशीबशी सावरली. बायकांमधून हुंदका आला.

तात्या उठून उभे राहिले. धीर देणारा माणूस बोलतो तसं मोठ्यानं बोलायला लागले. रंग उतरलाय बघा, काल एवढा चमकत नव्हता. आणखी थोडेच दिवस, पुढल्या सोमवारपर्यंत झडतो का न्हाई बघा. मग त्यांनी मान वर करून शिडीकडं बघितलं. “काय रं वैज्या? गंजलाय न्हवं?”

सगळ्यांनी वर बघितलं. वायर, लोखंड, गंज यातलं गावात त्याच्याइतकं कुणाला कळत होतं? वैजनाथच्या जिभेवर ‘हाव’ तयार होतं. रोजच्या सरावाचं. खाली मालकीण परत कलली.

“न्हाई, तात्या,” तो म्हणाला. “त्यो न्हाई गंजायचा.”

तात्यांना वाटलं ऐकू नीट आलं नाही. वैजनाथ शिडीवरून उतरला. “कल्हईचा हाय. वर्षभर पाण्यात ऱ्हायला तरी गंजत न्हाई.”

“तुमाला काय ठावं, भाऊ?” रूपालीताईंनी विचारलं. त्यांना खरोखर काही कळलं नव्हतं.

“मीच आणलाय, नांदेडहून. मीच बसवला.” तो शेवटची पायरी उतरून पाण्याशी आला. “आन् मीच टाकला. दोरी बी मीच तोडली.”

बारवेत साधं बोललं तरी घुमतं. वरच्या पायरीवरच्या बायकांपर्यंत शब्दन् शब्द गेला. शिवकन्येनं हातातलं ताट खाली ठेवलं. तिला आता खिडकीतला ग्लास कळला. तिनं नवऱ्याकडं एकदा बघितलं, मग पदर पुढं ओढून भिंतीकडं तोंड केलं. वैजनाथला वाटलं की बारवेच्या दगडांनी आपल्याला पोटात घ्यावं.

रूपालीताई आधी सावध झाल्या. बोलायचं ते नंतर, आधी हिला काढा, म्हणाल्या. देवळातून चादर आणली. दोघं जण चादर धरून पाण्यात उतरले आणि वैजनाथ कपड्यांसकट छातीपर्यंत गेला. मालकिणीत आता पळायचा जोर नव्हता. एका झटक्यात चादरीत आली. वैजनाथनं तिला दोन्ही हातांनी उचलून पायरीच्या उथळ पाण्यात धरलं. पूर्वी पोत्यात धरली होती तेव्हा ती हातात मावत नव्हती. आता पाठीचा काटा हाताला लागत होता.

जबड्यातला गळ खोलवर रुतलेला. ओढला तर जबडाच फाटला असता, तोंडं तोडूनच काढायला हवी होती. वैजनाथनं पकड लावली आणि सगळा जोर केला. पकड घसरली. परत लावली, परत घसरली. तोडता येऊ नये अशी तार त्यानं स्वतः तपासून, नखावर ओढून, सराफाकडं तोलून आणली होती. गाडीला लावलेल्या पिशवीतून केबल तोडायचं कटर मागवलं, तेव्हा कुठं एकेक तोंड तुटायला लागलं. एक टोक उडालं ते त्याच्या अंगठ्यात गेलं. त्यानं ते तसंच राहू दिलं, आधी मालकिणीची सगळी टोकं काढली. हिरवा मासा आणि गळाचे तुकडे कुणीतरी चादरीवर गोळा केले. लोक वाकून बघत होते. ते तुकडे अजून लखलखत होते.

मालकिणीचा ओठ एका बाजूला फाटून पांढरा पडला होता. वैजनाथनं तिला हातावर तोलून बराच वेळ पाण्यात धरलं. मग तिनं शेपूट हलवलं आणि ती खाली गेली. सगळं गाव श्वास रोखून पाण्याकडं बघत राहिलं. पलीकडच्या कोपऱ्यात ती वर आली, सरळ आली, तोंड उघडून मोठा घोट घेतला आणि परत गेली. बायकांनी हात जोडले.

मग लोकांना बोलायला जीभ फुटली. एकानं विचारलं, वैजनाथभाऊ, मग त्यो कॅमेरा आता कुणासाठी ठेवायचा? हशा पिकला. दुसरा म्हणाला, लातूरच्या पोरांची माफी मागायला आता जीप करून जाऊ या. रूपालीताई एवढंच म्हणाल्या की भाऊ, चहा पिताना तरी सांगायचं होतं. गावानं चिडवायला घेतलं म्हणजे गावानं पदरात घेतलं, हे वैजनाथलाही कळत होतं. चार-सहा महिने टोमणे मारतील, मग फ्यूज उडाला की परत बोलावतील. शिवकन्या तेवढी न बोलता ताट उचलून घरी गेली, पण तीही संध्याकाळी भांडेल आणि भांडली की मोकळी होईल.

गर्दी पांगली. तात्या पायरीवरच बसून होते, कणकेची वाटी तशीच पुढं. वैजनाथ ओल्या कपड्यांनी त्यांच्यापासून जरा लांब, खालच्या पायरीवर बसला. अंगठ्यातून रक्त येत होतं. तात्या दोन थोबाडीत ठेवून देतील तर बरं, असं त्याला मनापासून वाटत होतं. तो आपणहून सांगायला लागला. हिरवा तपासायचा होता, मासा धरायचा नव्हता, खोकला आला म्हणून घाबरलो, हातून होऊन गेलं. बोलता बोलता आपण परत हिशेबच सांगून राहिलोय, हे त्याच्या लक्षात आलं आणि तो थांबला.

तात्यांनी वाटीतली गोळी उचलली, बोटांत फिरवली, परत ठेवली. राग नव्हता तोंडावर. रागावलेले तात्या त्यानं लहानपणापासून पाहिले होते, ते असे नसायचे.

“गळ टाकलास त्येचं काय न्हाई,” ते म्हणाले. “माणसाच्या हातून व्हतं. दोरी तोडलीस, भ्यालास, त्ये बी समजलं.” मग त्यांनी वाटी बाजूला सारली. “पन मी रोज हितं बसून म्हणत हुतो, गंजंल, गंजंल. तिला बी त्येच सांगत हुतो, थोडी कळ काढ म्हणून. आन् तू माझ्या शेजारी बसून हाव म्हणत हुतास.”

तात्यांनी मान त्याच्याकडं वळवली.

“तवा बी तुला ठावं हुतं?” तात्यांनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि उत्तर नाही असं यावं अशी आशा त्यांच्या आवाजात होती.

वैजनाथला हाव म्हणवेना, आणि न्हाई म्हणायला तोंड नव्हतं.